नोदारचं पिंप

जुन्या गोदामाची भिंत पाडली
तेव्हा मागे एक पिंप सापडलं.

रुस्तावीच्या आमच्या कारखान्यात
मुलामा देतात
नळांना, बिजागऱ्यांना, कुलपांच्या कड्यांना.
चकाकी गिऱ्हाइकाची.
उरतं ते माझं:
गाळ, चोथा, दमलेलं आम्ल, हिरवट पाणी.
मी त्सिआला, उरल्यासुरल्याची राखणदार.
सेहेचाळीस पिंपं, वहीत सेहेचाळीस ओळी,
प्रत्येकाला नाव, तारीख, वजन.
डाव्या खोलीत आम्लं, उजव्या खोलीत सायनाइड,
मध्ये भिंत.
त्या दोघांची सोयरीक जुळू द्यायची नाही
एवढ्याचाच मला पगार.

हे सत्तेचाळिसावं.
बुडाशी गंज, झाकण लाखेनं बुजवलेलं,
आणि चिठ्ठीवर आमच्या गोलमटोल लिपीत
एकच शब्द:
नोदार.

बद्री म्हणाला, असेल कुणाची दारू.
(नवा आहे. हातमोजे खिशात बाळगतो.)
म्हणाला, एवढंसं तर आहे,
मोरीत ओतू, वरून पाणी सोडू.
मी म्हटलं, हात लावून बघ,
तुझी चिठ्ठी मी लिहिते.

पण ठेवायचं कुठे?
ज्याला नाव नाही त्याला खोली नाही.
डावीकडे नेलं आणि उजवीकडचं निघालं तर?
शेवटी छपरीत एकटंच ठेवलं,
खाली तबक, भोवती दोरी,
वाळीत टाकल्यासारखं.
तिबिलिसीहून मुखवटेवाले आले, नमुना घेऊन गेले.
नऊ दिवस लागतील म्हणाले.

मला नऊ दिवस दम निघेना.
गुरामकडे गेले. त्र्याऐंशीचा आहे,
खुर्चीचा मोडका पाय चिकटवत बसला होता.
नाव ऐकलं आणि हात तसाच राहिला,
सरस बोटावर वाळत गेला.

कडू बदामाचा वास, तो म्हणाला,
सगळ्यांना येत नाही.
जन्मापासूनच येत नाही काहींना.
नोदारला येत नव्हता.
ते आम्हाला नंतर कळलं.
गुरुवार होता, धुण्यापुसण्याचा दिवस.
या बादलीतलं त्या बादलीत.
तो काहीतरी गुणगुणत होता,
आणि मग गुणगुणत नव्हता.

पहिल्या बादलीत उरलेलं मी पिंपात भरलं.
साहेब म्हणाले, भिंत घाला.
भिंत घातली.

मला राग आला. दुःख नंतर, आधी रागच.
अहो, कोण गेलं ते लिहिलंत,
आत काय आहे ते का नाही लिहिलं?

पोरी, तो म्हणाला,
तेव्हा आमच्याकडे रसायनांची नावं गुप्त असायची.
माणसांची नसायची.

अहवाल अकराव्या दिवशी आला. उजवी खोली.
पिंपाला मोठ्या पिंपात बसवलं,
नवी चिठ्ठी बद्रीकडून लिहवून घेतली,
दोनदा, कारण पहिल्यांदा तारीख विसरला:
तांब्याचं सायनाइड, बावन्न किलो,
कवटीचं चित्र, आम्लापासून दूर.

जुनी चिठ्ठी सोडवून गुरामला द्यावी
असं फार मनात होतं.
पण तिच्यावरही थेंब उडालेले असणार.
तीही कचराच, पिंपाला चिकटूनच गेली.
नाव मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात उतरवलं.
तपासनीस विचारेल हे काय.
विचारू दे.

ट्रक फाटकाबाहेर पडला.
बद्रीनं हातमोजे उलटे करून काढले,
मी शिकवलं तसे, बोटाला बोट न लावता,
कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.
मग नळ तसाच वाहता ठेवून म्हणाला,
मला येत असेल का हो तो वास?
कसं कळणार?

म्हटलं, कळून घ्यायचंच नाही.
नळ बंद कर.